टायरचा आवाज, टायरची पकड: जिनिव्हाचा नियम वरोऱ्यात किती पोचला?

(ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



हेडफोन लावून गाडी चालवत ऐकत असाल, तर आधी गाडी बाजूला घ्या. आजचा विषय रस्त्याचाच आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो.

आज टायरबद्दल बोलायचंय. मोबाइल घेताना आपण रॅम बघतो, कॅमेरा बघतो, बॅटरी किती एमएएचची ते बघतो, यूट्यूबवर चार रिव्ह्यू पाहतो. टायर घेताना मात्र एकच प्रश्न: "भाऊ, केवढ्याले पडन?" बस, झालं. आता विचार करा, अख्ख्या गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो फक्त टायरच्या टेकलेल्या भागातून. कारच्या एका टायरचा हा भाग साधारण तुमच्या तळहाताएवढा. दुचाकीचा त्याहून लहान. ब्रेक, वळण, पावसातली पकड, सगळं त्या तळहातावर.

या तळहाताने किती आवाज करायचा आणि ओला रस्ता किती घट्ट धरायचा, याचे नियम स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हात तयार होतात. २०२२ साली ते भारताच्या नियमांत आले. ते आपल्या वरोऱ्याच्या रस्त्यापर्यंत किती पोचले आणि कुठे अडले, ते आज बघू.

आवाज इंजिनाचा की टायरचा?

नागपूर-चंद्रपूर रस्ता वरोऱ्यावरून जातो. या रस्त्याचे दोन आवाज आहेत. आनंदवन चौकात थांबून निघालेल्या ट्रकचा आवाज म्हणजे घरघर, गिअर बदलल्याचा झटका, एअर ब्रेकचा फुस्स. हा मुख्यतः यंत्राचा आवाज. पण गावाबाहेर मोकळ्या रस्त्यावर ऐंशीने जाणारी कार ऐका. लांबून बारीक सुरू होतो, सुर्रर्र करत मोठा होतो आणि गाडी गेल्यावर हळूहळू विरतो. हा टायरचा आवाज.

आजकालची चांगल्या स्थितीतली कार ताशी ३०-४० किलोमीटरच्या पुढे गेली की इंजिनापेक्षा टायरचा आवाज जास्त असतो. ट्रकमध्ये हा टप्पा आणखी वरच्या वेगाला येतो, पण येतो. म्हणून सायलेन्सर कितीही चांगला बसवला तरी हायवेचा आवाज एका मर्यादेखाली जात नाही. टायरला सायलेन्सर नसतो.

टायर आवाज कसा करतो? एक म्हणजे, नक्षीचे रबरी ठोकळे सेकंदाला शेकडो वेळा रस्त्यावर आपटतात. दुसरं, नक्षीच्या खाचांमधली हवा रस्त्याला टेकताना दाबली जाते आणि सुटताना फस्सकन बाहेर येते. शाळेत असताना काखेत तळहात दाबून आवाज काढायचो ना, तसाच प्रकार. आणि तिसरं, गोल टायर सपाट रस्त्याला जिथे टेकतो तिथे पुढे-मागे पाचरीसारखी जागा तयार होते. ती जागा लाउडस्पीकरच्या भोंग्याचं काम करते. आतला बारीक आवाज बाहेर येईपर्यंत मोठा होतो.

थोडं डेसिबलचं गणित, कारण पुढे लागणार आहे. डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाहीत. आवाजाची ऊर्जा दुप्पट झाली की आकडा फक्त ३ ने वाढतो. आकडा १० ने वाढला की आपल्या कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. आणि गाडीचा वेग दुप्पट केला की टायरचा आवाज ९ ते १२ डेसिबलने वाढतो. म्हणजे तीच गाडी ४० ऐवजी ८० ने गेली, की रस्त्याकडेच्या घराला ती जवळजवळ दुप्पट मोठी ऐकू येते.

जिनिव्हात नेमकं काय ठरतं?

संयुक्त राष्ट्रांचा एक युरोप आर्थिक आयोग आहे. त्याच्या छताखाली १९५२ पासून गाड्यांच्या नियमांवर काम करणारा एक मंच आहे. त्याला सगळे डब्ल्यूपी-२९ म्हणतात. नाव ऐकून एखाद्या सरकारी फायलीचा नंबर वाटतो, पण जगभरच्या गाड्यांचे दिवे, ब्रेक, सीट बेल्ट, आरसे यांचे नियम इथे घडतात. १९५८ साली या देशांनी एक करार केला. एका देशाने तपासून मान्यता दिली, की दुसऱ्याने पुन्हा तपासायचं नाही, असं त्याचं सूत्र. नाहीतर प्रत्येक देशाची परीक्षा वेगळी, आणि कंपनीला प्रत्येकासाठी वेगळी गाडी बनवावी लागायची.

या मंचाचा एक गट फक्त आवाज आणि टायर या दोन विषयांवर बसतो. दोन विषय एकाच टेबलावर का, ते आता लक्षात आलं असेल. आणि टायरसाठीचा महत्त्वाचा नियम म्हणजे नियम क्रमांक ११७. याला तीन पेपरांची परीक्षा समजा.

पहिला पेपर आवाजाचा. गाडी वेगात आणायची, इंजिन बंद करायचं आणि माइकसमोरून नुसती घरंगळत जाऊ द्यायची. रस्त्याच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर, जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर माइक. कारच्या टायरसाठी वेग ८० धरतात, ट्रक-बसच्या टायरसाठी ७०. इंजिन बंद असल्यामुळे जो आवाज येतो तो टायरचाच. कारच्या नेहमीच्या रुंदीच्या टायरला मर्यादा ७० ते ७१ डेसिबल, रुंद टायरला थोडी जास्त. ट्रकच्या साध्या टायरला ७३.

दुसरा पेपर ओल्या रस्त्याचा. रस्त्यावर साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर पाण्याचा थर ठेवतात आणि ब्रेक मारतात. मग त्या टायरची तुलना एका ठरलेल्या संदर्भ टायरशी करतात. कारच्या साध्या टायरला किमान १.१ गुण हवेत, म्हणजे त्या संदर्भ टायरपेक्षा पकड निदान दहा टक्के जास्त.

तिसरा पेपर रोलिंग रेझिस्टन्सचा. टायर फिरताना रबर दबतं, सुटतं, पुन्हा दबतं. त्यात ऊर्जा उष्णता बनून वाया जाते. लांबचा प्रवास करून आल्यावर टायरला हात लावला तर गरम लागतो, ती हीच ऊर्जा, तुमच्या पेट्रोलमधून गेलेली. कारच्या इंधनातला साधारण पाचवा हिस्सा यात जातो, मालाने भरलेल्या ट्रकमध्ये त्याहूनही जास्त.

तिन्ही पेपर एकत्र का?

मला या सगळ्यात सर्वात आवडलेला भाग हा आहे.

समजा सरकारने फक्त एकच नियम केला: टायर शांत हवा. कंपनीला सोपं आहे. खाचा कमी करा, टायर जवळजवळ गुळगुळीत करा, आवाज उतरेल. पण खाचा असतात त्या पाणी बाहेर काढायला. खाचा नसल्या की पाण्याला जायला जागा नाही, टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि गाडी अक्षरशः तरंगते. स्टीअरिंग हातात असतं, पण गाडी ऐकत नाही.

समजा नियम केला: फक्त मायलेज हवं. मग असं रबर वापरा जे दबल्यावर ऊर्जा खात नाही. पण ओल्या रस्त्यावर पकड येते ती रबराने रस्त्याच्या बारीक खडबडीत अंगाला चिकटून ऊर्जा खाल्ली म्हणूनच. ते खाणं बंद केलं तर मायलेज वाढेल आणि पावसात ब्रेक लांब लागेल.

आणि फक्त पकड हवी म्हटलं, तर मऊ रबर. ते लवकर झिजतं आणि पेट्रोलही पितं.

म्हणजे एका बाजूने ओढलं की दुसरी बाजू सुटते. म्हणून तिन्ही पेपर एकाच वेळी पास व्हायचे, अशी अट. ही अट आल्यावर टायर बनवणाऱ्यांना रबराच्या रसायनातच शिरावं लागलं. १९९० च्या दशकात टायरच्या रबरात काजळीसोबत सिलिका, म्हणजे वाळूचीच एक बारीक जात, वापरायला सुरुवात झाली होती. त्यातून पकड राखून मायलेज वाढवता आलं. चांगला नियम कारखान्याला असं काही शोधायला भाग पाडतो, ते वेगळं.

युरोपात २०१२ पासून नव्या टायरवर फ्रिजसारखं लेबल लागतं. इंधन, ओली पकड आणि आवाज, तिन्ही त्यावर. तिथे ग्राहकाला समजावताना सांगतात, की ८० च्या वेगाने ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला तर सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्या वर्गातल्या टायरमध्ये १८ मीटरपर्यंत फरक पडू शकतो. १८ मीटर म्हणजे एकामागोमाग उभ्या चार कार. त्या चार कारच्या जागेत एखादी सायकल असू शकते, एखादी गाय असू शकते, शाळेतून निघालेलं पोरगं असू शकतं.

दिल्लीपर्यंतचा प्रवास

भारत १९५८ च्या करारात नाही. पण १९९८ चा दुसरा एक जागतिक करार आहे, त्यात आपण २००६ पासून आहोत, आणि जिनिव्हाच्या त्या टेबलावर आपले लोक बसतात. तिथला नियम इथे आपोआप लागू होत नाही. त्यावरून आपण आपलं मानक लिहितो. गाड्यांची ही मानकं एआयएस नावाने येतात आणि पुण्याची एआरएआय संस्था ती प्रसिद्ध करते. टायरच्या या तीन पेपरांचं आपलं मानक म्हणजे एआयएस-१४२, साल २०१९.

२८ जून २०२२ ला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अधिसूचना काढून ते केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ९५ मध्ये घातलं. नव्या डिझाइनच्या टायरना १ ऑक्टोबर २०२२ पासून, आधीच्या डिझाइनना २०२३ पासून. कार, हलके ट्रक, आणि ट्रक-बस असे तीन वर्ग, आणि मर्यादा जिनिव्हाच्या दुसऱ्या टप्प्याच्या. गडकरी साहेबांचं हॉर्नमध्ये बासरी-तबल्याचा आवाज हवा हे बोलणं आपल्याला चांगलं आठवतं, त्यावर रील्सही निघाले. त्यांच्याच मंत्रालयाची ही अधिसूचना मात्र फारशी कोणाच्या कानावर आली नाही. कामाची जास्त हीच होती.

मग वरोऱ्यात ती कुठे अडली?

तुमच्या बुडाखालची गाडी

पहिली अडचण सर्वात मोठी. हा नियम तीन वर्गांना लागू आहे: कार, हलका ट्रक, ट्रक-बस. दुचाकी त्यात नाही. जिनिव्हाच्या नियम ११७ मध्येही नाही.

आता तुम्हीच बघा, हा भाग ऐकणाऱ्यांपैकी किती जण कारवाले? आपण सगळे टू-व्हीलरवाले. कॉलेजला टू-व्हीलर, कंपनीत शिफ्टला टू-व्हीलर, चिमूरला लग्नाला जायचं तरी टू-व्हीलर. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरचे. जवळपास निम्मे. आणि त्यांच्या टायरला ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा हा पेपर द्यावाच लागत नाही. दुचाकीच्या टायरवर आयएसआयचा शिक्का असतो, आयएस १५६२७ या क्रमांकाचा. टायरची मजबुती, वजन आणि वेग झेलण्याची ताकद यासाठी तो हवाच. पण पावसात ब्रेक किती मीटरमध्ये लागेल, ते त्यावरून कळत नाही.

गंमत म्हणजे आपण नागपूरला जाताना बुटीबोरी लागते, तिथे दुचाकीचे टायर बनवण्याचा मोठा कारखाना आहे. टायर बनवण्याचं ज्ञान आपल्या शंभर किलोमीटरच्या आत आहे. कमी आहे ती परीक्षेची. ती मागायला हवी. आपल्या देशात दुचाकी एवढ्या आहेत, की जिनिव्हाने आधी करावं आणि मग आपण, असं थांबायची गरज नाही.

रिमोल्ड, घासलेले आणि कोळशाचे ट्रक

दुसरी अडचण: परीक्षा नव्या टायरची आहे. टायर कारखान्याच्या गेटबाहेर पडला की परीक्षा संपली.

आपला भाग कोळशाचा. इंग्रजांच्या काळात वरोऱ्याला खाण होती आणि वर्ध्याहून इकडे रेल्वे आली ती त्या कोळशासाठीच. आज माजरीकडच्या खाणी आहेत, एमआयडीसीत वीज केंद्रं आहेत, पुढे घुग्घुस आणि गडचांदूरकडे सिमेंटचे कारखाने. रेल्वेसोबत ट्रकही माल ओढतात. त्या ट्रकांच्या मागच्या चाकांना बघा, कितीतरी टायर रिमोल्ड असतात. जुन्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवलेले.

मी रिमोल्डच्या विरोधात नाही. नीट केलेला रिमोल्ड चांगला चालतो, विमानांनासुद्धा वापरतात. मालकाचा खर्च वाचतो, रबर वाचतं. मुद्दा वेगळा आहे. मूळ टायरने आवाजाचा आणि पकडीचा पेपर दिला होता तो स्वतःच्या नक्षीवर आणि स्वतःच्या रबरावर. दोन्ही बदलल्यावर बाजूला छापलेल्या जुन्या खुणेला काही अर्थ उरत नाही.

आवाजाचंही तसंच. परीक्षेत दोन आसांची, चार टायरची गाडी धरतात. आपल्या रस्त्यावरचा ट्रक सोळा चाकी. चार टायरच्या जागी सोळा म्हणजे ऊर्जा चौपट, म्हणजे ढोबळमानाने ६ डेसिबल जास्त. ७३ ची मर्यादा पाळणारे टायर लावले तरी हिशेब ७९ च्या आसपास जातो, आणि तो नव्या टायरचा, खास गुळगुळीत चाचणीच्या रस्त्यावर. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. एक ट्रक जातानाचा आकडा आणि वस्तीची सरासरी यांची थेट तुलना करता येत नाही, हे खरं. पण रात्री एकामागून एक ट्रक जात असतील, तर रस्त्याकडेच्या घरात झोप का लागत नाही, याचं उत्तर त्यात आहे. बाळ दचकून उठतं, म्हाताऱ्या माणसांचं रक्तदाबाचं दुखणं वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी रस्त्याच्या आवाजाची शिफारस केली, ती रात्री ४५ च्या खालीच आहे.

आणि झीज. कायद्याने कार-ट्रकच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, दुचाकी-तीनचाकीची ०.८. आपल्याकडे जूनचा पहिला पाऊस पडतो तेव्हा रस्त्यावर उन्हाळाभराची धूळ, सांडलेलं ऑइल, कोळशाची भुकटी साचलेली असते. पहिल्या सरीत त्याचा चिखल होतो, साबणासारखा. मोठा पाऊस ते धुऊन नेईपर्यंतचा वेळ सर्वात वाईट. त्या वेळी तुमचा टायर गुळगुळीत असेल तर जिनिव्हाही कामाला येत नाही आणि दिल्लीही.

२०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर अपघात वाढले, तेव्हा परिवहन विभागाने घासलेल्या टायरच्या गाड्या आत सोडायच्या नाहीत म्हणून तपासणी सुरू केली. म्हणजे मनावर घेतलं तर तपासता येतं. युरोपातही आता कारच्या टायरची परीक्षा झिजलेल्या अवस्थेत घ्यायची, असा बदल २०२४ पासून आला. रस्त्यावर टायर नवा असतो किती दिवस? आपल्याकडे हा विचार आणखी लवकर यायला हवा, कारण आपण टायर शेवटपर्यंत वापरतो.

जंगलाचं काय?

आपण ताडोब्याच्या शेजारी राहतो, म्हणून हेही. नागपूरहून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. तिथे जनावरांसाठी रस्त्याखालून वाटा ठेवल्या, आणि मध्य प्रदेशच्या बाजूला आवाज आणि उजेड अडवायला रस्त्याच्या कडेने भिंती उभ्या केल्या. वेगातल्या टायरचा आवाज सायलेन्सरने थांबत नाही, म्हणून भिंत. शांत टायर, कमी वेग आणि चांगला रस्ता असेल, तर भिंतीचं निम्मं काम आधीच होतं. वाघ, चितळ, रानगवे कानावर जगतात. शिकारी जवळ आला का, हे ऐकूनच कळतं. त्यांच्या जंगलात आपण चोवीस तास सुर्रर्र लावून ठेवलाय.

आता बुलेटवाल्यांसाठी

टायरबद्दल एवढं बोलून सायलेन्सर सोडला तर तुम्ही म्हणाल, दोस्तांना वाचवतो.

कंपनीतून गाडी निघते तेव्हा तिच्या आवाजाची परीक्षा झालेली असते. भारतात २००५ पासून लागू झालेल्या मर्यादेत १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला ८० डेसिबल, कारला ७४. युरोपात नव्या मॉडेलच्या साध्या कारला आता ६८. तुम्ही कंपनीचा सायलेन्सर काढून फटाके फोडणारा लावला, की ती परीक्षा रद्द झाली समजा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडतानाचे पोलिसांचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. रत्नमाला चौकात रात्री अकराला फटाका फोडून कोणी तुमच्याकडे कौतुकाने बघत नाही, भाऊ. शिव्या घालून कूस बदलतात.

फार शांत गाडीही नको

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती वरोऱ्याला जास्त कळते. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये सुरू केलेलं आनंदवन आपल्या गावाला लागून आहे. तिथे अंध मुलांची शाळा आहे. दृष्टी नसलेला माणूस रस्ता ओलांडतो तो कानाच्या भरवशावर. इलेक्ट्रिक गाडी हळू चालते तेव्हा इंजिनाचा आवाज नाही आणि टायरचाही जवळजवळ नाही. म्हणजे त्याच्यासाठी ती गाडी नाहीच.

जगभरच्या अंध व्यक्तींच्या संघटनांनी हा प्रश्न लावून धरला, आणि २०१६ मध्ये जिनिव्हातून नियम १३८ आला. इलेक्ट्रिक गाडीने ताशी २० किलोमीटरपर्यंतच्या वेगात ऐकू येईल असा किमान आवाज केलाच पाहिजे. त्यापुढे टायरचा आवाज पुरतो. भारताचंही त्यासाठी एआयएस-१७३ हे मानक तयार झालंय. म्हणजे एकच मंच एका नियमात सांगतो आवाज कमी करा आणि दुसऱ्यात सांगतो निदान एवढा तरी करा. दोन्हींत बघितलंय ते रस्त्यावरच्या माणसाकडे, कधी झोपलेल्या, कधी रस्ता ओलांडणाऱ्या.

आता उठा आणि टायर बघा

हा भाग संपला की गाडीजवळ जा. पाच मिनिटांचं काम आहे.

एक, झीज. नक्षीच्या खाचेत आडवे छोटे उंचवटे असतात. टायरच्या बाजूला टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या रेषेत शोधा. नक्षी घासून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आली असेल तर टायर संपला. "अजून एक पावसाळा निघून जाईन" हे वाक्य तिथेच गिळा.

दोन, वय. टायरच्या बाजूला चार आकडे एकत्र छापलेले असतात. ०८२१ असेल तर २०२१ सालच्या आठव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत असली तरी वर्षानुवर्षं उन्हात रबर कडक होतं आणि पकड जाते. आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचं मे महिन्याचं ऊन मी तुम्हाला सांगायला नको. दुकानातून नवा म्हणून घेताना हे आकडे आधी वाचा.

तीन, हवा. महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना. किती भरायची तो आकडा कारच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, तापतो, पेट्रोल पितो आणि उन्हाळ्यात फुटतोसुद्धा.

चार, खुणा. कारच्या टायरवर गोलात इंग्रजी ई आणि एक आकडा दिसला, तर पुढच्या क्रमांकाजवळ एस, डब्ल्यू, आर ही अक्षरं शोधा. एस आवाजाचं, डब्ल्यू ओल्या पकडीचं, आर रोलिंग रेझिस्टन्सचं. तिन्ही असतील तर तिन्ही पेपर पास.

पाच, रिमोल्ड. ट्रक चालवणारे घरात कोणी असतील तर त्यांना विचारा, पुढच्या चाकांना काय लावलंय. पुढे रिमोल्ड लावू नये, हे जुने ड्रायव्हरही सांगतात.

आणि टायर घ्यायला गेलात की "केवढ्याले पडन" याच्या आधी एक प्रश्न विचारा: "भाऊ, पावसात याची ग्रिप कशी आहे, कुठं लिहिलंय का?" दहापैकी नऊ दुकानांत उत्तर मिळणार नाही. चालेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की दुकानदार डीलरला विचारेल, शंभर दुकानदारांनी विचारलं की डीलर कंपनीला. फ्रिजवरचे स्टार आपण असेच बघायला शिकलो. टायरसाठीही स्टारचं लेबल आलंय, ऐच्छिक म्हणून सुरू झालेलं. ते बंधनकारक व्हावं आणि त्यात दुचाकीही यावी, हे आपण मागितलं नाही तर दुसरं कोण मागणार?

तुमच्या टायरचे ते चार आकडे मला कमेंटमध्ये पाठवा. सर्वात जुना टायर कोणाचा निघतो बघू. बक्षीस काही नाही, पण त्याला आम्ही सगळे मिळून टायर बदलायला लावू.

पुढच्या भागात भेटू. तोवर गाडी हळू चालवा, आणि पावसात आणखी हळू.